सी-१० मध्ये ५.३ बसवताना फाउंडेशन आणि ब्रॅकेटचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा : माझ्याकडे १९७१ ची शेवरले सी-१० पिकअप आहे, आखूड बेडची. मूळचं २५० क्युबिक इंचांचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन दमलं. भंगार यार्डातून २००४ च्या सिल्व्हराडोचं ५.३ लिटर व्ही-एट उचललं, ४एल६०ई गिअरबॉक्स, वायरिंग, पुढचे सगळे ब्रॅकेट आणि पुल्यांसकट. बाजारात मिळणाऱ्या अ‍ॅडॅप्टर प्लेट लावून इंजिन खाली सोडलं, तर चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) क्रॉसमेंबरला (चासीच्या आडव्या तुळईला) टेकतंय आणि एसीचा काँप्रेसर चासीत घुसतोय. एक जण म्हणतो चासी काप, दुसरा म्हणतो कॉर्व्हेटचे, म्हणजे शेवरलेच्या स्पोर्ट्स कारचे, ब्रॅकेट घाल. फाउंडेशनला, म्हणजे इंजिन ज्या आधारावर टेकतं त्याला, रबर घालू की युरेथेन (कडक प्लास्टिक)? सुरुवात कुठून करू?

सुरुवात इंजिन परत वर उचलण्यापासून करा. प्लेट काढा आणि बाकावर ठेवून द्या, त्यांचं काम अजून आलेलं नाही.

चिडू नका. तुम्ही केलंत तेच मी पहिल्या दोन गाड्यांना केलं होतं. पाकिटात प्लेट आली, सोबत बोल्ट आले, म्हणजे इंजिनाची जागा कोणीतरी ठरवून दिलेली आहे असं वाटतं. प्रत्यक्षात प्लेट बनवणाऱ्याने तुमची गाडी पाहिलेली नसते. मी कोल्हापूरला उद्यमनगरात काम शिकलो, तिथे आमचे मिस्त्री म्हणायचे की फाउंडेशन इंजिनाला धरतं, कुठे बसायचं ते सांगत नाही. गेली एकोणीस वर्षं टेक्ससमध्ये जुन्या पिकअपच करतोय आणि अजून त्यांच्या म्हणण्याला अपवाद सापडलेला नाही. इंजिन कुठे बसणार हे ठरवतात मागची फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा), खालचा क्रॉसमेंबर, प्रोपेलर शाफ्ट आणि बाजूला लोंबणारी यंत्रं. हे सगळं एकदा जुळलं की मधल्या मोकळ्या जागेत जे मावेल ते फाउंडेशन.

आता प्लेट का फसवते ते बघा. शेवरलेचा जुना स्मॉल ब्लॉक १९५५ सालचा. त्याच्या ब्लॉकला दोन्ही बाजूंना फाउंडेशनसाठी तीन-तीन बोल्ट. तुमचं ५.३ त्यानंतरच्या घराण्यातलं, जे १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये पहिल्यांदा आलं आणि १९९९ पासून पिकअपमध्ये. त्याला दर बाजूला चार बोल्ट, आणि ते बोल्ट बेलहाउसिंगपासून (गिअरबॉक्स ब्लॉकला जिथे जोडतो तिथून) वेगळ्या अंतरावर. म्हणून मधे प्लेट घालावी लागते. पण प्लेट एकाच मापाची नसते : कुठली इंजिनाला जुन्या जागी ठेवते, कुठली एक इंच पुढे, कुठली एक इंच मागे, काहींत लांबट खाचा असतात आणि इंजिन सरकवता येतं. तुम्ही कुठली घेतलीत ते लिहिलेलं नाही, पण चेंबरची पुढची उथळ बाजू सोडून मागची खोल बाजू क्रॉसमेंबरला भिडत असेल तर इंजिन बहुधा फार पुढे आलंय.

त्यात दुसरी गोम अशी की तुमची गाडी मूळची सहा सिलिंडरची. क्रॉसमेंबरवर जे लोखंडी पाय उभे आहेत ते सहासाठीचे. व्ही-एटचे पाय वेगळे, उंचीही वेगळी. सहाच्या पायांवर व्ही-एटची प्लेट बसवून कोणी ‘कशीबशी’ जुळवली असेल, तर पुढचं प्रत्येक माप त्या कशाबशीतूनच निघणार. आधी व्ही-एटचे पाय आणा. १९६७ ते ७२ च्या गाड्यांचे नवेही बनून मिळतात आणि यार्डातही सापडतात. बोल्टने बसतात, वेल्डिंग लागत नाही.

आता जागा ठरवू. गाडी चारही चाकांवर, सपाट फरशीवर, रोज जितकी वाकून उभी असते तितकीच वाकलेली हवी. जॅकस्टँडवर पुढचा भाग उचललेला असताना घेतलेली मापं चुलीत घाला. गिअरबॉक्स इंजिनाला जोडलेलाच ठेवा, पुढून चेन ब्लॉक, मागे गिअरबॉक्सखाली ट्रॉली जॅक. रेडिएटर, स्टिअरिंगचा शाफ्ट, ब्रेकचा बूस्टर, हीटरचा डबा हे सगळं जागेवर हवं. मोकळ्या खोलीत इंजिन कुणालाही बसवता येतं. पुली, बॅलन्सर (क्रँक म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या पुढच्या टोकावरची जाड चकती), एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लावलेले असू द्या. अल्टरनेटर वगैरे सध्या काढा.

पहिली भिंत मागची. या इंजिनाला डिस्ट्रिब्यूटर नाही, त्यामुळे लोक खुशाल फायरवॉलला चिकटवतात. पण ऑइल प्रेशरचा सेन्सर इनटेकच्या मागे, ब्लॉकच्या अगदी टोकाला वर बसतो. तो आज ना उद्या बदलावा लागणारच. बेलहाउसिंगचे वरचे बोल्टही तिथेच. माझी कसोटी साधी : पंजा मागे घालायचा, सेन्सरवर बोटं टेकतात का बघायचं, मग पाना घालून तो पाव आटा फिरतो का बघायचं. फिरला तर जागा पुरे. उगाच आणखी पुढे आणू नका. पुढे आणलेला प्रत्येक इंच चेंबर आणि रेडिएटरकडून वसूल होतो.

मग खालची बाजू. पिकअपचं मूळ चेंबर खोल असतं. सी-१० च्या क्रॉसमेंबरमागे ते मावलं तरी क्रॉसमेंबरच्या खाली लोंबतं. गाडी मूळ उंचीची असेल, रस्ता चांगला असेल तर चालून जातं. गाडी खाली बसवलेली असेल तर तेच चेंबर पहिल्या स्पीडब्रेकरला आधी पोचेल. मी बहुतेक वेळा १९९८ ते २००२ च्या कमॅरोचं, म्हणजे एफ-बॉडीचं चेंबर घालतो किंवा इंजिन बदलासाठीच बनवलेलं उथळ चेंबर. फक्त एक लक्षात ठेवा, चेंबर बदललं की आतली तेल ओढणारी नळी, तिच्याखालचा पत्रा आणि डिपस्टिक हे सगळं त्या चेंबरच्याच जोडीचं लागतं. त्या नळीच्या टोकाला एक ओ-रिंग असते, करंगळीत बसेल एवढी. ती एकदा माझ्याकडून चिमटली. इंजिन सुरू झालं, थंड असताना प्रेशर ठीक, गरम झाल्यावर आयडलला काटा खाली. दोन दिवस सेन्सरला शिव्या घातल्या आणि शेवटी चेंबर उतरवलं तेव्हा ओ-रिंगची कड बाहेर आलेली दिसली. तेल लावून, हाताने, सरळ दाबून बसवा. बोल्ट आवळून ओढून घेऊ नका.

चेंबर आणि क्रॉसमेंबरमध्ये निदान चार सूत, म्हणजे अर्धा इंच मोकळं ठेवा. नवं रबर पहिल्या काही आठवड्यांत थोडं दबतंच. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला कुणाला तरी बसवा आणि स्वतः खाली झोपून आडव्या दांड्या चेंबरजवळून कशा जातात ते पाहा. चाकं सरळ असताना सगळंच मोकळं दिसतं.

कोनाबद्दल थोडं सावकाश, कारण इथे घाई केली तर गाडी ताशी ५५ मैलांवर गुणगुणायला लागते आणि माणूस टायर बॅलन्सिंगवर पैसे घालवत बसतो. इंजिन मागे साधारण ३ अंश झुकलेलं असतं. कोन मोजायला डिजिटल गेज बॅलन्सरच्या सपाट तोंडावर टेकवा, कारण ते तोंड क्रँकशी काटकोनात असतं. इनटेकवर किंवा हेडच्या झाकणावर टेकवून मोजू नका. फरशीशी नव्हे, चासीशी तुलना करा, म्हणजे पुढे स्प्रिंग बदलल्या तरी आकडा खोटा ठरणार नाही. इंजिन ३ अंश खाली तर मागच्या डिफरन्शियलचं नाक ३ अंश वर, म्हणजे दोन्ही रेषा समांतर. आणि शाफ्टच्या प्रत्येक क्रॉसवर (टोकाच्या सांध्यावर) प्रत्यक्ष वाकण ३ अंशांच्या आत पण शून्य नको. अर्धा अंश तरी वाकण हवंच, नाहीतर क्रॉसमधल्या सुया फिरतच नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात. तुमची आखूड बेडची गाडी, ११५ इंच व्हीलबेस, शाफ्ट एकाच तुकड्याचा, त्यामुळे हिशेब सरळ आहे. १२७ इंचवाल्या लांब बेडमध्ये मधे बेअरिंग असतं, तिथे प्रकरण वेगळं.

आडव्या अंगाने इंजिन मधोमध आहे का हेही बघा, पण मधोमध असायलाच पाहिजे असा हट्ट नको. कारखान्यांनीही कितीतरी गाड्यांत इंजिन जरासं एका बाजूला सरकवलेलं असतं. पुढे-मागे दोन्हीकडे ते तेवढंच सरकलेलं हवं, तिरकं नको. बॅलन्सरच्या मध्यापासून दोन्ही चासीपर्यंत मोजा, गिअरबॉक्सच्या शेपटापासून मोजा, आकड्यांमधला फरक सारखा आला की झालं. जुनं सहा बाहेर काढण्याआधी हेच माप घेऊन भिंतीवर खडूने लिहून ठेवलं असतंत तर आता सोपं गेलं असतं. बहुतेक कोणी लिहीत नाही. मीही फार उशिरा शिकलो.

इंजिन असं हवेत, चेन आणि जॅकवर, बरोबर जागी टांगलेलं असताना प्लेट हातात घ्या. क्रॉसमेंबरवर व्ही-एटचे पाय, त्यावर फाउंडेशन, आणि ब्लॉकवर प्लेट. छिद्रं समोरासमोर आली तर नशीब. एक इंचाचा फरक दिसला तर दुसऱ्या मापाची प्लेट मागवा, किंवा खाचेची घ्या. अर्ध्या इंचाचा फरक असेल तर इंजिनाला थोडं मागेपुढे करून पाहा. फरक वाकवून, छिद्र कानशीने मोठं करून, तिरका बोल्ट ठोकून भरून काढायचा नाही. मोठं केलेलं छिद्र म्हणजे बोल्ट आवळल्यावर फक्त घर्षणावर उभं असलेलं इंजिन.

फाउंडेशन कुठलं, हा तुमचा तिसरा प्रश्न. त्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्याच गाडीच्या सालातली आहे. १९७१ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सने ६६ लाखांहून जास्त शेवरले गाड्या परत बोलावल्या, बहुतेक १९६५ ते ६९ च्या, त्यांत हलक्या पिकअपही होत्या. कारण इंजिनाचं फाउंडेशन. त्या काळच्या फाउंडेशनमध्ये दोन पत्र्यांच्या मधे रबर चिकटवलेलं असायचं, एवढंच. रबर फाटलं की इंजिन मोकळं. आता पाहा, क्रँक समोरून बघताना घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, त्यामुळे जोर लावला की ब्लॉक उलट दिशेला कलतो आणि डावी बाजू, म्हणजे अमेरिकेत ड्रायव्हरची बाजू, वर उचलली जाते. इंजिन वर उचललं की अ‍ॅक्सिलरेटरची दांडी ओढली जायची, ब्रेक बूस्टरची व्हॅक्यूम नळी निसटू शकायची. म्हणजे गाडी पळतेय आणि ब्रेक जड. कंपनीने उपाय काय केला? इंजिनाला वर उचलू न देणारी एक वायर बांधून दिली. नंतरच्या फाउंडेशनमध्ये दोन लोखंडी टरफलं एकमेकांत अडकतात. रबर पूर्ण गेलं तरी इंजिन सुटत नाही.

तेव्हा जे घ्याल ते अडकणाऱ्या टरफलाचंच घ्या. ड्रायव्हरच्या बाजूचं आधी जातं, कारण तेच ओढलं जातं, दुसरं दाबलं जातं. जुन्या डब्यातलं, ‘चांगलं दिसतंय’ असं रबर वापरू नका. यात उंच-अरुंद आणि बुटकं-रुंद असे दोन प्रकार मिळतात. दिसायला भाऊ-भाऊ, पण एक डावीकडे आणि दुसरं उजवीकडे लावलं की इंजिन एका खांद्याने वर. पाकिटावरच्या नावावर जाऊ नका, दोन्ही शेजारी ठेवून कॅलिपरने मोजा.

रबर की युरेथेन? रोज चालवणार असाल तर रबर. युरेथेन इंजिनाला जास्त घट्ट धरतं, पण आयडलचा थरकाप स्टिअरिंगवर आणि आरशात दिसतो, आणि जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये तो अडवायला काहीच नसतं. ५.३ च्या मूळ ताकदीला रबर पुरतं. एका बाजूला रबर आणि एका बाजूला युरेथेन असा ‘मध्यममार्ग’ करू नका. थेट लोखंडाला लोखंड तर मुळीच नाही. जुनी चासी पिळवटते, आणि मग पिळ ब्लॉकच्या कानांवर येतो. गिअरबॉक्सचं फाउंडेशनही त्याच जातीचं ठेवा. पुढे मऊ, मागे दगड असं केलं तर गिअरबॉक्सच्या शेपटाचं ओतीव अ‍ॅल्युमिनियम तडकतं.

आता बोल्ट. या कामात सगळ्यात जास्त आटे इथे मरतात. तुमच्या गाडीचं निम्मं अंग इंचात आहे, निम्मं मिलिमीटरमध्ये. जुनी चासी, जुने पाय, जुनं फाउंडेशन, सगळं सुतात : तीन सूत, साडेतीन सूत. नवं इंजिन मिलिमीटरमध्ये, त्याचे फाउंडेशनचे बोल्ट एम-१० × १.५. तीन सुती बोल्ट म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, इंचाला १६ आटे. तो एम-१० च्या छिद्रात हाताने छान जातो, दोन-चार आटे धरल्यासारखं वाटतं, आणि पाना लावला की आटे घेऊन बाहेर येतो. अ‍ॅडॅप्टर प्लेटवर दोन्ही जातीची छिद्रं शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे चूक सोपी. मी दोन डबे ठेवतो आणि एम-१० च्या प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर निळा ठिपका मारतो. आमच्या उद्यमनगरातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना सुताचा हिशेब तोंडपाठ असायचा. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला होता, तो १९५४ पर्यंत चालला. त्या गाड्या दुरुस्त करत ती पिढी वाढली. तेव्हा मला वाटायचं, सुतात मोजणारे हे शेवटचे लोक. आता रोज तेच करतो.

प्लेट ब्लॉकला लावताना कित्येक प्लेटला बुडीत डोक्याचे एलन बोल्ट असतात. चावी पूर्ण आत जाते का बघा, आतली घाण टोच्याने काढा. घसरलेली एलन चावी म्हणजे ड्रिल मारून डोकं उडवण्याची संध्याकाळ. ब्लॉकमधले आटे आधी एम-१० चा टॅप फिरवून साफ करा, ब्रेक क्लीनर मारा, निळं लॉक्टाइट (आटे सैल होऊ न देणारा द्रव) लावा. ब्लॉकच्या फाउंडेशन बोल्टला कंपनीचं टॉर्क ५० न्यूटन-मीटर, म्हणजे ३७ फूट-पौंड. सगळे बोल्ट आधी हाताने लावून घ्या, इंजिनाचा भार हळूहळू सोडा, एकदा हलवा, मग आवळा. आधी आवळून मग भार सोडला तर रबर जन्मभर पिळलेलं राहतं.

कुणाला पाय स्वतः बनवायचेच असतील तर एवढंच : जागेवर फक्त टाके मारा, इंजिन आणि रबर बाहेर काढून मग पूर्ण वेल्ड भरा. रबर जागेवर ठेवून वेल्डिंग केलं की आतून ते भाजतं आणि वरून ठीक दिसतं. बॅटरी आणि इंजिनाचा कॉम्प्युटर सोडवून ठेवायला विसरू नका.

ब्रॅकेटकडे येऊ. तुम्हाला कॉर्व्हेटचे ब्रॅकेट सुचवणाऱ्याचं अर्धं बरोबर आहे. या इंजिनाच्या पुढच्या यंत्रांच्या तीन जाती आहेत. ब्लॉकपासून पट्टा किती पुढे धावतो, हा त्यांच्यातला फरक. कॉर्व्हेटचा सगळ्यात जवळ. एफ-बॉडीचा त्याच्या पाऊण इंच पुढे. पिकअपचा कॉर्व्हेटच्या दीड इंच पुढे, म्हणजे जवळपास ३८ मिलिमीटर. ही जात ठरवतो क्रँकवरचा बॅलन्सर. बॅलन्सर पिकअपचा आणि ब्रॅकेट कॉर्व्हेटचे, तर पट्टा दीड इंच बाजूला. म्हणजे कॉर्व्हेट घ्यायचं तर बॅलन्सर, वॉटर पंप, पुल्या, ताण देणारी पुली, सगळी वरात घ्यायची. ते कधी करावं? पुढे रेडिएटरला जागा नसेल तेव्हा. तुमच्या गाडीत लांबलचक सरळ सहा होतं, पुढे जागाच जागा आहे. जे इंजिनाबरोबर फुकट आलंय ते ठेवा.

बॅलन्सर बदलावा लागलाच तर सांभाळून. याला चावीची खाच नसते, क्रँकवर तो नुसता दाबून घट्ट बसतो. हातोडीने ठोकून बसवणाऱ्यांचे व्हिडिओ मी पाहिलेत. तो प्रत्येक घाव क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगला जातो. स्क्रूने ओढून घेणारं हत्यार भाड्याने मिळतं. जुना बोल्ट घालून ३३० न्यूटन-मीटरला बसवायचा, तो बोल्ट काढायचा, मग नवा बोल्ट ५० न्यूटन-मीटर आणि वर १४० अंश. जुना बोल्ट शेवटच्या वेळी परत वापरू नका, तो ताणून संपलेला असतो.

अल्टरनेटर आणि स्टिअरिंगचा पंप डाव्या अंगाला एकाच मोठ्या ओतीव ब्रॅकेटवर आहेत. ते सी-१० मध्ये सहसा निमूट बसतात. पंपाच्या नळीकडे मात्र लक्ष द्या. जुन्या स्टिअरिंग बॉक्सला उलट्या फ्लेअरचं तोंड, नव्या पंपाला ओ-रिंगचं. दोन्ही एकमेकांत थोडे आटे जातात आणि मग गळतात. दोन टोकांना दोन जातींची तोंडं असलेली तयार नळी घ्या.

खरा त्रास उजव्या खालच्या काँप्रेसरचा. पिकअपमध्ये तो ब्लॉकच्या खालच्या कुशीत, वेगळ्या ४पीके (चार खाचांच्या) पट्ट्यावर बसतो, आणि तुमच्या जुन्या चासीची कड बरोबर तिथेच येते. चासीला खाच मारून आतून पेटी वेल्ड करणारे आहेत, नीट केली तर टिकतेही. पण पुढच्या सस्पेन्शनचा आणि इंजिनाचा भार ज्या जागी येतो तीच जागा एका काँप्रेसरसाठी कापायची, हे माझ्या मनाला पटत नाही. काँप्रेसर वर घ्या. उजव्या हेडच्या वर सँडन कंपनीचा छोटा काँप्रेसर बसवणारे तयार ब्रॅकेट पिकअपच्या मापात मिळतात. तो मुख्य ६पीके पट्ट्यातच येतो आणि मागचा ४पीके पट्टा निघूनच जातो. पट्टा थोडा लांब लागेल. सुतळी फिरवून लांबी मोजा आणि दुकानातून तीन जवळपासच्या मापांचे आणून न लागणारे परत करा.

ब्रॅकेट स्वतः बनवायचा असेल तर माझी फजिती ऐका. काही वर्षांपूर्वी मी असाच एक वरचा ब्रॅकेट बनवला, दोन सुती सपाट पट्टीचा, हेडला दोन बोल्ट. रंग मारल्यावर देखणा दिसला. साधारण तीन महिन्यांनी गिऱ्हाईक आलं, म्हणे एसी लावला की पट्टा ओरडतो. बॉनेट उघडून टॉर्च मारला तर ग्राइंडरने जिथे मी आतला कोपरा काटकोनात कापला होता तिथून केसाएवढी रेघ निघालेली, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना तांबूस भुकटी. चीर हलत असली की आतलं लोखंड घासून अशी भुकटी बाहेर टाकतं. काँप्रेसरचा क्लच दर थोड्या वेळाने झटक्याने पकडतो, तो झटका दोन बोल्टांवर लोंबकळणाऱ्या पट्टीला दिवसभर वाकवत होता. त्यानंतर मी तीन सुती पट्टीच वापरतो, आतले कोपरे आधी ड्रिलने गोल करतो मग कापतो, आणि तिसरा पाय मागच्या बाजूने वेगळ्या बोल्टावर नेतो. पुढून दोन आणि मागून एक, असं त्रिकोणी धरलं की तो हलत नाही. आधी पुठ्ठ्याचा नमुना करा. पुठ्ठा लावून बघताना स्पार्क प्लग निघतो का, कॉइलची वायर काढता येते का, डिपस्टिक बाहेर येते का, हेही बघा.

मधे लागणाऱ्या नळकांड्या हॅकसॉने कापून तशाच घालू नका. तिरक्या कापलेल्या नळीवर बोल्ट आवळला की सगळा ब्रॅकेट तिकडे ओढला जातो आणि पट्ट्याची लाइन बिघडते. चारही नळ्या एकदमच लेथवर तोंड मारून घ्या, कॅलिपरने चारही सारख्या. वायसरांची चळत रचून अंतर भरणं ही तर शुद्ध उधारी. तुमच्या इंजिनाचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. बोल्ट छिद्राच्या तळाला टेकत नाही ना, आणि निदान दीडपट व्यासाएवढे, म्हणजे १५ मिलिमीटर आटे धरतोय ना, हे तार घालून मोजा. तळाला टेकलेला बोल्ट पान्याला घट्ट वाटतो, ब्रॅकेट मात्र सैल राहतो.

लाइन बघायला सरळ पट्टी किंवा लेझर बॅलन्सरच्या खाचेत धरा. एक फुटाच्या अंतरात अर्ध्या सुतापेक्षा, म्हणजे दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. पुढे-मागे बरोबर असूनही पुली तिरकी असू शकते, म्हणून वरून आणि बाजूने दोन्हीकडून बघा. इंजिन सुरू करून पट्टा चिवचिवला तर चालू पट्ट्याच्या आतल्या बाजूवर लांबूनच पाण्याचा बारीक फवारा मारा, हात आणि बाही दूर. आवाज क्षणभर थांबून परत आला तर लाइन चुकली आहे. पाण्याने आवाज वाढला तर ताण कमी आहे किंवा ताणपुली थकली आहे. पट्ट्याला लावायचा स्प्रे विकत घेऊ नका.

राहिली एक वायर, जी दहातल्या तीन गाड्यांत विसरलेली सापडते. रबरावर बसलेलं इंजिन विजेच्या दृष्टीने चासीपासून तुटलेलं असतं. ब्लॉकपासून चासीला आणि हेडपासून फायरवॉलला जाड विणलेली अर्थ पट्टी द्या, रंग खरवडून. नाहीतर सेल्फ मारताना करंट एखाद्या केबलमधून परतीची वाट शोधतो आणि केबल गरम होऊन अडकते.

सगळं आवळून झालं की प्रत्येक फाउंडेशन आणि ब्रॅकेटच्या बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढा. गाडी हँडब्रेकवर, ब्रेक दाबून, ड्राइव्हमध्ये टाकून कुणाला तरी हलकी रेस द्यायला सांगा, आणि तुम्ही बाजूला उभं राहून, समोर नाही, इंजिनाची डावी बाजू किती उचलते ते पाहा. अर्धा इंच ठीक. एक इंच दिसला किंवा टक्क आवाज आला तर टरफल उघडून बघा. मग साधारण ५०० मैल चालवा आणि इंजिन थंड असताना टॉर्च घेऊन खाली झोपा. पांढऱ्या रेघा जिथे तुटलेल्या दिसतील तेवढेच बोल्ट काढून, साफ करून, नव्याने लॉक्टाइट लावून बसवा. बाकीच्यांना हात लावू नका.